नसलेल्या बागेतली विहीर

“आयकराचा साहेब आला आणि त्यानं विचारलं, तर इथं द्राक्षाची बाग होती म्हणून सांगाल न्हवं, बाबा?”

दावलबाबांनी समोर पाहिलं. जतकडचा उघडा माळ. खडक, मुरूम आणि मधूनच वाळलेली कुसळं.

विचारणारा मिरजेचा फरशीचा व्यापारी, शांतिनाथ उगारे. माळ त्याच्याच मालकीचा. कडेला पिराचं ठाणं, आणि तिथं हा म्हातारा फकीर राहत असे.

बाजारपेठेत उगारेच्या शब्दाला वजन होतं. मार्च आला की दुकानदार त्याच्याकडं सल्ल्याला येत. पावत्या फेकू नका. घरचं खातं आणि दुकानाचं खातं एकात एक करू नका. विवरणपत्र मुदतीत भरा, उगाच दंड कशाला? सगळं खरं आणि उपयोगाचं.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून या गड्यानं दुकानाचा नफा द्राक्षाचा म्हणून दाखवला होता. सलग तीन वर्षं या खडकावर कागदोपत्री द्राक्षं पिकत होती.

आणि गेल्याच आठवड्यात पेठेतल्या एकाचा असाच कागदावरचा ऊस बघायला साहेब थेट शेतावर जाऊन उभा राहिला. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की उगारे आधी खिडकीतून बघे.

“सांगतो की,” बाबा म्हणाले.

उगारेचा जीव भांड्यात पडला.

“पर पाणी कुठलं देत हुतास बागंला?”

“पाणी... विहिरीचं म्हणा.”

“कुठं हाय विहीर?”

उगारेनं वाटेच्या बाजूला कुठंतरी बोट दाखवलं. “तिथं.”

“खोल किती?”

“पन्नास... साठ फूट.”

“कठडा?”

“नाही म्हणा.”

बाबांनी ती जागा नीट बघून घेतली.

“साहेबानं तुझ्या बायकोला इचारलं तर?”

“तिला शिकवून ठेवीन.”

“आन् पोरीला?”

पोर नववीत होती. खोटं बोलली की तिचे कान लाल होत, हे त्याला माहीत होतं.

“तिलाही... सांगावं लागेल.”

“दुसरी वाट न्हाई?”

“आहे. वकील म्हणतो, अजून नोटीस आलेली नाही. स्वतःहून विवरण सुधारून भरा, राहिलेला कर द्या, वर जादाचे पैसे पडतील ते सोसा. मोकळे व्हाल.”

“मग?”

“पेठेत तोंड कसं दाखवू, बाबा? मला विचारून लोक कर भरतात!”

बाबांनी मान हलवली. “बरं. म्हातारा मानूस मी, इसरायचो. आत्तापासनंच विहीर हाय म्हणून वागतो. म्हंजे तोंडात बसंल.”

उगारे पाया पडला. अंधारून आलं होतं. वाटेवर उभ्या केलेल्या गाडीकडं तो झपझप निघाला. मुरूम बुटाखाली करकरत होता.

“विहीर!” बाबा ओरडले.

उगारे जागच्या जागी थिजला. उचललेला पाय तसाच राहिला. पुढचं काही दिसत नव्हतं... आणि खाली काळं पाणी आहे, असं त्याला खरोखरच वाटलं.

“बाबा...”

बाबा जागचे हलले नाहीत.

“बाबा, हात द्या...”

...

“बाबा, इथं विहीर नाही हो!” त्याला रडू फुटलं.

“आन् बाग?”

“नाही. कधीच नव्हती. काही नाही इथं, बाबा... काही नाही!”

“मग टाक की पाऊल.”