तिळी मुंगी आणि कृष्णकमळाचा थेंब

एक होती मुंगी. तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

तिळी राहायची कृष्णकमळाच्या वेलीवर. वेलीच्या पानाला देठ. देठावर दोन बारीक गाठी. गाठीतून रोज यायचा गोड थेंब. टप!

तिळी वेल राखायची. पान खायला अळी आली की तिला चावायची. कट्ट! मग वेल तिळीला थेंब द्यायची. असं दोघींचं ठरलं होतं.

एक दिवस वारा आला. सूं सूं सूं! वेलीची काठी मोडली. कडाड! वेल पडली खाली. धप्प!

तिळी आली. देठ कोरडा. थेंब नाही!

"वेली वेली, थेंब दे ना."

वेल म्हणाली, "कुठून देऊ? हा माझा तणावा बघ, माझा धरायचा हात. दोऱ्याएवढा बारीक. धरायला काहीच नाही. धरल्याशिवाय मी चढत नाही. चढल्याशिवाय थेंब येत नाही. आधी काठी, मग थेंब."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कोपऱ्यात होती नवी काठी. आडवी पडलेली.

"काठी काठी, उभी राहा ना.
वेल वर चढेना,
थेंब मला मिळेना!"

काठी म्हणाली, "मी काठी आहे. मी ताठ आहे. पण आपली आपण उभी राहत नाही. आधी काकू, मग मी."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

ओट्यावर बसली होती द्वारकाकाकू. काकूच्या मांडीवर मांजर.

"काकू काकू, काठी रोव ना.
काठी उभी राहीना,
वेल वर चढेना,
थेंब मला मिळेना!"

काकू हळूच म्हणाली, "शूऽऽ! मला खूप काम आहे गं. पण मांडीवर मांजर झोपली की उठायचं नसतं. आधी मांजर, मग मी."

मांजरीचं नाव बिजली. बिजली सकाळपासून हलली नव्हती.

तिळी काकूच्या पदरावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बिजली बिजली, ऊठ ना.
काकू काठी रोवीना,
काठी उभी राहीना,
वेल वर चढेना,
थेंब मला मिळेना!"

बिजलीने एक डोळा उघडला. अर्धाच.

"मी फक्त मासळीसाठी उठते. चांगुणामावशीची हाक आली नाही. आधी हाक, मग मी."

डोळा बंद.

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

रस्त्याच्या कडेला बसली होती चांगुणामावशी. समोर मासळीची मोठी टोपली.

"मावशी मावशी, हाक मार ना.
बिजली जागची उठेना,
काकू काठी रोवीना,
काठी उभी राहीना,
वेल वर चढेना,
थेंब मला मिळेना!"

मावशी म्हणाली, "टोपली खाली आणि हाक वर? बरं दिसतं का ते? टोपली हवी डोक्यावर. पण ती जड आहे बाय. एकटीला उचलत नाही. तो बघ पोस्टमन. आधी त्याचा हात, मग माझी हाक."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वडाखाली आडवे झाले होते पोस्टमन बुधाजीभाऊ. उशाला पिशवी. पिशवीत तातडीची पत्रं. घुर्रर्र... घुर्रर्र...

"बुधाजीभाऊ, उठा ना, टोपलीला हात लावा ना.
मावशी हाक मारीना,
बिजली जागची उठेना,
काकू काठी रोवीना,
काठी उभी राहीना,
वेल वर चढेना,
थेंब मला मिळेना!"

बुधाजीभाऊ म्हणाले, "मी झोपलोय."

"पण तुम्ही तर बोलताय!"

"झोपेत बोलतोय. आधी जाग, मग मी."

"जाग कधी येणार?"

"ते मला काय माहीत? मी झोपलोय ना!"

तिळी थांबली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता पुढे विचारायला कोणीच नव्हतं.

मग तिळी बुधाजीभाऊंच्या पायावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. आणि चावली.

कट्ट!

"आई गंऽऽ!" बुधाजीभाऊ टुणकन उठले. "आता उठलोच आहे, तर टोपलीला हात लावतो."

हुप्प! टोपली गेली डोक्यावर.

"आता उचललीच आहे, तर हाक मारते," मावशी म्हणाली. "म्हावरं घ्या, म्हावरंऽऽ! ताजी ताजी मांदेलीऽऽ!"

बिजलीचे दोन्ही डोळे उघडले. म्यांव! बिजली मांडीवरून गेली. झुप्प!

"अगंबाई," काकू म्हणाली, "आता मांडी रिकामीच झाली, तर काठी रोवते."

खस् खस् खस्! काकूने माती उकरली. काठी रोवली. काठी उभी राहिली. ताठ!

तणावा इकडे हलला. तणावा तिकडे हलला. काठीला लागला. गोल, गोल, गोल! घट्ट धरलं!

वेल चढली. हळू हळू. आज एक वीत. उद्या आणखी एक वीत.

आणि देठावरच्या गाठीतून आला थेंब. गोड गोड थेंब. टप!

मग कळी फुगली. फट्! उमललं जांभळं जांभळं कृष्णकमळ. सगळे बघायला आले.

काकू म्हणाली, "काठी मी रोवली हो!"

मावशी म्हणाली, "हाक मी मारली!"

बुधाजीभाऊ म्हणाले, "टोपली कोणी उचलली? मी! आणि तीही झोपेतून उठून."

बिजली म्हणाली, "मी उठले म्हणून तर झालं सगळं."

काठी आणखी ताठ झाली.

आणि तिळी?

तिचं तोंड भरलं होतं.

थेंब गेला पोटात,
गोष्ट राहिली ओठात.