प्लॅस्टिकमधलं आकाश

एकदा एका वृद्ध संग्राहकाच्या दारी एक तरुण शिकायला आला. कॉलेजात उत्तरं पाठ करून घेतात आणि प्रश्न विचारला की वर्गाबाहेर काढतात, म्हणून तो ते सोडून आला होता. वृद्धाकडे घरगुती संगणकांच्या आरंभकाळातली एक दुर्मिळ ग्रंथमाला होती. तिच्या पानापानांवर प्रोग्रॅम छापलेले. वाचकाने ते ओळीमागून ओळ टाइप करायचे आणि यंत्राला जागं करायचं. पण सारे खंड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद! शिष्याच्या हाती फक्त धूळ पुसायचं फडकं.

अखेर शेवटचा खंड मिळाला, माला पूर्ण झाली. लगोलग एक व्यापारी संच न्यायला हजर. "सील शाबूत आहेत ना, आजोबा? उघडलेलं पुस्तक मला चालत नाही."

शिष्याने पिशवी खांद्यावर टाकली. "निघतो, गुरुजी. तिथे पोपट करत होते, इथे तुम्ही मढी सांभाळताय. आता मी कुठेच शिकायला जाणार नाही."

वृद्धाने चाकू उचलला आणि पहिल्या खंडाचं प्लॅस्टिक टर्रकन फाडलं.

"अहो, वेड लागलं का? संच बाद झाला!" व्यापारी किंचाळला.

"झाला खरा. या आता." वृद्धाने कोपऱ्यातलं जुनं यंत्र टीव्हीला जोडलं, पुस्तक शिष्यापुढे ठेवलं. "कर टाइप."

एका स्वल्पविरामापाशी यंत्र अडून बसलं. चूक शिष्यालाच शोधावी लागली. शेवटची कळ दाबली, आणि काळ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा. बघता बघता अख्खं आकाश संथपणे फिरू लागलं. दारापर्यंत गेलेला व्यापारीही मागे वळून तसाच उभा राहिला.

आणि लाइट गेली.

परत आली तेव्हा पडदा कोरा. "सगळं गेलं!" शिष्य कळवळला.

"वीज गेली की या यंत्राला काहीच आठवत नाही," वृद्ध म्हणाला. "म्हणून तर पुस्तकं छापली. लिहिणाऱ्याने हे आकाश कागदावर ठेवलं होतं, कुणाच्या तरी बोटांची वाट बघत. मला वाटलं, मी ते जपतोय. मी वाटेत आडवा पडलो होतो."

"फार उशिरा कळलं तुम्हाला."

"हो. पण तुला दिसलं ना?"

शिष्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला पानाकडे त्याची नजर क्वचितच जात होती.

'आम्ही वारसा जपला' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना एवढंच विचारावं : तो उघडू कुणाला दिलात?