नदी फक्त बकुळाचं ऐकायची

पाय पांघरुणात घ्या आधी, मग सांगते.

एका नदीकाठी एक नावाडी राहायचा. त्याची एकुलती एक लेक बकुळा. पोर अशी हट्टी, की नदीशीसुद्धा भांडायची. पूर आला की काठावर उभी राहून म्हणायची, "मी बकुळा आलेय गं, गप बैस." आणि नदी बसायची की गप. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही, बरं का.

मग काय, राजाच्या मुलाला ती आवडली. तिलाही तो आवडला, खोटं कशाला बोला. थाटात लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले आणि राजपुत्रानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं, राजलक्ष्मी. रीतच होती तशी. बकुळाला कुणी विचारलंच नाही. पेढे वाटले, झालं.

तीन वर्षं गेली. राजवाड्यात बकुळा म्हणून कुणी हाक मारीना. मग तिलाही ते नाव आठवेनासं झालं.

एकदा भर दुपारी पूर आला. तिच्या बापाची होडी बाजारची माणसं घेऊन मधोमध अडकली. ही अनवाणी पळत काठावर गेली. म्हणाली, "मी राजलक्ष्मी आलेय, गप बैस."

"कोण राजलक्ष्मी?" नदी म्हणाली. पाणी चढलं.

"मी राजाची सून."

"असशील. मला काय त्याचं?" पाणी आणखी चढलं.

"अगं, मी राजपुत्राची बायको."

नदीनं ऐकलंच नाही. होडी कलंडायला लागली.

मग तिला रडू फुटलं. मग स्वतःचाच राग आला. तिनं पदर खोचला आणि ओरडली, "ए बये, मी बकुळा! नुसती बकुळा!"

"मग इतके दिवस कुठं होतीस गं?" असं म्हणून नदी खाली बसली. होडी काठाला लागली.

राजपुत्र धापा टाकत मागोमाग आला होता. बकुळा त्याला म्हणाली, "आता मी बकुळाच. होडी मी चालवणार. तुमच्याकडे राहीन, पण येणं-जाणं माझं मी ठरवीन."

"चुकलंच माझं. तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. शहाणा होता बिचारा.

मग बकुळा दिवसभर होडी वल्हवायची. संध्याकाळी मनात आलं तर राजवाड्यावर, नाहीतर बापाकडे भाकरी खायला. सगळी सुखात राहिली.

काय म्हणतेस, गोदे? माझं लग्नाआधीचं नाव? द्वारका. साठ वर्षांत कुणी हाक मारली नाही त्या नावानं. तू मार बघू एकदा.

ओ. बरं वाटलं बाई. झोपा आता.