आबासाहेबांनी वाक्य मागितलं

मिरजेचे आबासाहेब निरगुडकर हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. मुलासाठी मुली बघायला जायचे, तर तिथंही परीक्षाच घ्यायचे. एखादा अवघड इंग्रजी शब्द टाकायचे आणि मुलगी गडबडली की पोहे संपवून विजयी मुद्रेनं उठायचे. चार घरच्या पोरी रडवून स्वारी खरशीकरांच्या कुमुदकडे आली.

"इंग्रजी येतं म्हणे! मग 'प्रिक्लूड' म्हणजे काय, सांग बघू."

कुमुद म्हणाली, "एखाद्या गोष्टीमुळे दुसरी गोष्ट होण्याची शक्यताच संपणं."

उत्तर आलं, हेच आबासाहेबांना रुचलं नाही. "अर्थ काय, कुणीही पाठ करतं. वाक्यात उपयोग कर. आणि पुस्तकातलं वाक्य नको, खरं हवं. आत्ताचं, या घरातलं!"

कुमुदच्या वडिलांनी डोळेच मिटून घेतले. तिनं मात्र पदर सावरला आणि सावकाश, स्वच्छ इंग्रजीत वाक्य सांगितलं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या या परीक्षेमुळे आपल्या चिरंजीवांशी माझं लग्न प्रिक्लूड झालं आहे.

आबासाहेबांचा चमचा हातातच राहिला. चूक काढायला त्यांनी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवलं, पण चूक काही सापडेना.

"बरोबर आहे ना वाक्य?" कुमुदनं विचारलं.

खोटे मार्क देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "बरोबर आहे," ते पुटपुटले.

"मग पोहे संपवा ना. ते काही प्रिक्लूड झालेले नाहीत."