उभी राहिलेली तबकडी

जगात गाडी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. निळ्याशार नदीकाठी शिंपली नावाची कुंभाराची पोर राहायची. बाबा देवाघरी गेलेला, आईचे पाय तापात लुळे पडलेले. मायलेकी मडकी घडवून कशीबशी पोट भरायच्या.

एका उन्हाळ्यात नदी आटली. गावाचा म्होरक्या दारोदार सांगत फिरला, "उद्या उजाडताच नव्या पाण्याकडे निघायचं. ज्याला चालवत नाही तो इथंच राहील. रीतच आहे ती."

आईला सोडून जायचं? शिंपली रडत रडत बनात शिरली. बघते तर काय, गुलाबी फुलांच्या झुपक्यात एक परी बसलेली! पंख मोरपंखी, केसांत दवाचे चिमुकले मणी, मनगटात शंखाचं कांकण.

"रडू नकोस, बाळ. एक इच्छा माग."

शिंपलीने डोळे पुसले आणि आधी परीचे पाय शोधले. भुताचे पाय उलटे असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण परीने पाय झग्याखाली दडवलेले. शिंपलीच्या मनात पाल चुकचुकली.

"पाय दाखव बघू."

"ते राहू दे," परी हळूच म्हणाली.

"आणि फुकट देतेस ते? तुझा काय फायदा?"

"नंतर सांगेन. नियम मात्र ऐक. मोडलेलं मला जोडता येत नाही. आणि मिळालेलं लपवायचं नाही, विचारील त्याला दाखवायचं."

झालं! संशय दुप्पट झाला. तरी शिंपलीने हात जोडले. "मग आईला माझ्याबरोबर येता येऊ दे."

परीने चिमूटभर सोनेरी धूळ उधळली. शिंपली धावत घरी आली. मडकी घडवायची लाकडी तबकडी जन्मभर आडवी गरगरलेली, ती आता अंगणात चक्क उभी होती! समोर तशीच दुसरी तबकडी, जणू तिची जुळी बहीण; दोघींमध्ये दांडा, वर फळी.

"हे तर आमच्याच घरातलं! ठकवलंन मला!" शिंपलीने रागाने लाथ मारली, तर सगळं गडगडत पुढे गेलं. ती बघतच राहिली.

सकाळी आई फळीवर बसली, तोच म्होरक्या आला. "पोरी, हे कसं केलंस? माझ्या म्हाताऱ्यालाही चालवत नाही गं."

काल हाच आईला सोडून निघाला होता! आता गाडीच हिसकावेल. शिंपलीने झटकन चाकांवर वाकळ टाकली. "काही नाही, लाकडं आहेत."

चाकं जागीच रुतली. ओढून ओढून तिचे हात सोलले.

"शिंपले," आई म्हणाली, "त्याच्या बापाचं दुखणं माझ्यासारखंच आहे."

शिंपलीने ओठ चावत वाकळ काढली. "बघा. जाड फळीची गोल चकती कापायची, मधोमध भोक पाडायचं." चाकं लगेच हलली. त्या दिवशी गावाने गाड्याच केल्या, आणि निघाले तेव्हा मागे कुणीच राहिलं नाही. वाटेतल्या गावांनी विचारलं, त्यांनाही तिने दाखवलं. त्यांनी पुढच्यांना दाखवलं, अगदी डोंगरापलीकडे.

पण त्याआधी, गाव सोडून बन ओलांडताना, परी वाटेवरच बसली होती. शिंपली म्हणाली, "आता सांग तुझा फायदा."

परीने झगा वर केला. पाय उलटे नव्हते, आईसारखेच लुळे होते. "मागं नदी आटली, तेव्हा मी तुझ्याएवढी होते. मला कुणी नेलं नाही. या बनातच राहिले मी."

आईने ते कांकण पाहिलं. तिच्याही हातात तसंच होतं. "ताई!"

"ये, बस," शिंपलीने फळीवर जागा केली.

परी आईला बिलगून बसली. चाक फिरलं, परी खुदकन हसली आणि लख्ख उजेड होऊन विरून गेली. फळीवर उरलेलं कांकण आईने शिंपलीच्या हातात घातलं. शिंपलीने पहिल्यांदाच काही विचारलं नाही.