देवीला तोंड फुटलं

तांबडगिरीच्या साम्राज्यात मुकुट सम्राटाच्या डोक्यावर असला, तरी राज्य चालायचं महापुजारी भद्रनाथाच्या फुलावर. देवीच्या मूर्तीला तो फूल चिकटवून कौल लावायचा. फूल उजवीकडे पडलं की देवीचा होकार. दरवर्षी धरणात कुणाला बुडवायचं, तेही असंच ठरायचं.

त्या वर्षी कापडवाल्या सदोबाच्या लेकीवर, मैनेवर कौल पडला. सदोबाने भद्रनाथाच्या भाच्याला मुलगी नाकारली होती, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नाही.

रिवाज असा, की कौल पडला की ते माणूस साक्षात देवी. सगळ्यांदेखत सम्राट मैनेच्या पाया पडला, मग भद्रनाथ.

"आई, इच्छा सांगा," भद्रनाथ म्हणाला. एरवी कौल पडलेले लोक गोडधोड मागत.

"मला बळी नको, भद्रनाथा."

"पण फुलाने होकार दिलाय, आई."

"मला तोंड नव्हतं, तोवर फूल लागत होतं. आता मी स्वतः सांगतेय, तरी तू फुलाचंच ऐकणार?"

सम्राट खाली मान घालून म्हणाला, "देवी नको म्हणतेय. सोडा पोरीला."

वर्षभर बाजारात मैनेच्या उत्तराचं कौतुक चाललं. सदोबाही गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा.

मग पुन्हा कौलाचा दिवस जवळ आला आणि देवळातला सेवेकरी दुकानात शिरला.

"सदूशेठ, हातभर कापड द्या."

"कशाला हो?"

"नवा रिवाज काढलाय भद्रनाथ महाराजांनी. कौल पडला की आधी तोंड बांधायचं, मग पाया पडायचं."

सदोबाने मागे बसलेल्या मैनेकडे पाहिलं नाही. दुकानातलं सगळ्यात मऊ कापड त्याने फाडून दिलं.