तुमचंच घर

"मग घरी जाऊ नको तर काय करू, बाबा?"

नायेलीने हातातली बॅग मठाच्या पायरीवर आदळली. संध्याकाळच्या बसने ती कॉलेज कायमचं सोडून जाणार होती.

आन्सेल्मो बाबा म्हातारे साधू. टेक्सासातल्या त्या कॉलेजच्या आवारातच त्यांचा लहानसा मठ होता. सकाळचं धुकं इतकं दाट, की समोरच्या इमारती पाण्यावर तरंगताहेत असं वाटावं.

"अभ्यास झेपत नाही?"

"मी वर्गात पहिली आहे." पोरगी नाकावर माशी बसू देणारी नव्हती. "पण इथं कुणाला माझं नाव नीट घेता येत नाही. स्पॅनिश बोलले की माना वळतात. 'ये, बस, हे तुझंच आहे,' असं आजवर एकानंही म्हटलं नाही."

"हं... घर कुठं तुझं?"

"नदीकाठी. चर्चच्या मागं, निळ्या दाराचं. तेच तुमचं घर."

"माझं?"

नायेलीला हसू आलं. "आम्हा मेक्सिकोवाल्यांची रीत आहे, बाबा. स्वतःचं घर सांगताना 'तुमचं घर' म्हणायचं. 'माझं' म्हटलं तर आई डोळे वटारते."

"आणि दुसऱ्याच्या घराला?"

"त्याला कसं म्हणणार? आपलं असेल तेच देता येतं ना."



बाबा उठले. काठी टेकत धुक्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

नायेली थांबली. मनोऱ्यातली घंटा वाजली, ती स्वप्नात ऐकू यावी तशी लांबून. ओकच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. तिला एकाएकी भरून आलं. ही जागा तिला फार आवडायची, तेच तर खरं दुखणं होतं.

जरा वेळाने काठीचा आवाज परत आला. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, पण ओळख नसल्यासारखे. त्यांनी टोपी काढली, तरंगत्या इमारतींकडे हात केला.

"पोरी, मी इथं नवखा आहे. हे एवढं मोठं घर कुणाचं?"

"तुमचंच की, बाबा," सवयीने ती बोलून गेली.

आणि तिने जीभ चावली.

बाबा तिच्या बॅगेशेजारी पायरीवर टेकले.

"मग पाहुण्याला पाणी तरी विचारशील?"